कबरस्तानची पाळी

सरकारी कागदांत त्या गावाला चांगलं लांबलचक नाव आहे, पण चोपड्याच्या स्टँडवर ते नाव घेऊन विचारलंत तर कंडक्टर डोकं खाजवेल. 'कॅम्प' म्हणा, म्हणजे लगेच 'चला, बसा' म्हणेल. धरण बांधायला जे मजूर आणले त्यांची ही पत्र्यांची वस्ती. धरण झालं, ठेकेदार गेला, पत्रे राहिले आणि पत्र्याखालची माणसंही राहिली. मग पाट आला, पाटामागे केळी आली, केळीमागे ट्रक आले, आणि ट्रकांमागे टपऱ्या, बँक, दवाखाना, मंगल कार्यालय असं सगळं लटांबर आलं. इतर मुलखात आधी गाव वसतं आणि मग ते पाण्यासाठी रडतं. इथे आधी पाणी आलं. त्यामुळे कॅम्पातल्या माणसांना थोडा माज आहे, आणि खरं सांगायचं तर तो त्यांना शोभतोही.

फक्त एका जागी हे पाणी कोणालाच नको होतं. ती जागा म्हणजे कबरस्तान. धरणाचं काम चालू असताना मजुरांतली माणसं मेली, तेव्हा उतारावरचा मुरमाड तुकडा, जो कोणाच्याच कामाचा नव्हता, तो मुसलमानांना दिला गेला. कोरडी ठणठणीत जागा होती. पुढे सात नंबरची चारी, म्हणजे मोठ्या पाटातून शेतांकडे जाणारा छोटा पाट, नेमकी तिच्या भिंतीला लागून काढली. आखणाऱ्याच्या डोक्यात तेव्हा केळी होती, मेलेली माणसं नव्हती. चारीला पाणी सुटलं की ते मुरमातून पाझरायचं, आणि कंबरभर खणलं की कबरीच्या तळाशी चमकायला लागायचं.

हे सगळ्यात आधी कळलं ते हनीफला, कारण कॅम्पात कबर खणायची ती त्यानेच.

हा काही त्याचा धंदा नव्हता. पोटासाठी तो केळी कापणाऱ्यांच्या टोळीत होता. घड कापायचा, खांद्यावर घ्यायचा, बागेबाहेर ट्रकपर्यंत आणायचा. केळीचा चीक कपड्यावर पडला की तो डाग धोब्याच्या बापालाही निघत नाही. हनीफचा एकही सदरा बिनडागी नव्हता. ईदचा नवा सदरा अकबरी, त्याची बायको, पेटीत कुलपात ठेवायची, आणि तरी तो कुठल्यातरी घाईच्या दिवशी काढून घालायचाच. मग ती सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी बोलायची, आणि हनीफ गल्लीकडे बघून डोळा मारायचा. कबरीचं असं झालं की बाप गेला तेव्हा त्याने स्वतः खणली. आधीच्या म्हाताऱ्याचे गुडघे गेले होते, म्हणून पुढच्या मय्यतीला लोकांनी हनीफलाच हाक मारली. एकदा हो म्हटलं की आपल्याकडे ते जन्माचं होतं. पैसे त्याने कधी घेतले नाहीत, सवाबाचं, म्हणजे पुण्याचं काम म्हणून करत राहिला.

त्यांना एकच लेक झाली. सदफ. शाळेत जायच्या वयाचीही झाली नव्हती तेव्हा तापाने गेली, आणि गेली ती नेमकी चारी वाहत असताना. हनीफने छोटीशी कबर खणली. तळाला पाणी आलं. त्याने टोपलीने उपसलं, परत आलं. कोणाला काय सांगावं, कुठे जावं, हे त्याला सुचलंच नाही. सगळे म्हणाले, अल्लाची मर्जी. त्याने स्वतः आत उतरून, पाण्यातच, लेकीला ठेवलं.

बायका कबरस्तानात जात नाहीत. अकबरी घरी होती. पण हनीफ परत आला तेव्हा त्याचा पायजमा गुडघ्यापर्यंत ओला होता, आणि तिने तो पाहिला. तिने काही विचारलं नाही, त्याने काही सांगितलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला नंतर कितीतरी वर्षं वाटत राहिलं.

त्यानंतर अकबरीने घरात ओलं म्हणून काही राहू दिलं नाही. डाळी, गोधड्या, चपला, शेळ्यांच्या दोऱ्यासुद्धा ती छपरावर वाळत घालायची. शेजारणी हसायच्या, म्हणायच्या, अकबरी एक दिवस हनीफभाईलाही पिळून दोरीवर टाकेल. ती पण हसायची. हनीफ मात्र हसायचा नाही.

पुढची मय्यत एका शिंप्याच्या म्हाताऱ्या आईची होती. तेव्हाही चारी भरून वाहत होती. हनीफ फावडं खांद्यावर टाकून घरून निघाला तो कबरस्तानाकडे वळलाच नाही, सरळ चारीच्या तोंडाशी गेला. तिथे लोखंडी गेट आहे, वर फिरवायचं चाक आहे. शेतकऱ्यांनी मोतीलालला तिथे पाटकरी म्हणून ठेवला होता. कोणाच्या शेताला किती वेळ पाणी, ते त्याने बघायचं; पाळीप्रमाणे सोडायचं, पाळीप्रमाणे बंद करायचं. माणूस तोंडाचा फटकळ, पण आतून मऊ. हनीफ जाऊन नुसता उभा राहिला. स्वतःसाठी काही मागायचं तर त्याची जीभ टाळ्याला चिकटायची, आणि हे दुसऱ्यासाठी होतं तरी नेमकं काय मागायचं ते त्याला कळत नव्हतं.

मोतीलालने फावडं पाहिलं आणि विचारलं, "कोन गयं?"

हनीफने सांगितलं. मग पाण्याचंही सांगितलं. मोतीलाल ऐकता ऐकताच चाक फिरवायला लागला. गेट खाली बसलं, पाण्याचा आवाज थांबला, आणि मग लेकीच्या वेळी का आला नाहीस असं त्याने हळूच विचारलं, "तुनी पोरनी येले काबर नही उना?"

"सुचनं नही," हनीफ म्हणाला.

त्या दिवशी म्हातारीची कबर कोरडी राहिली. माती दिल्यावर हनीफ पुन्हा गेटवर गेला, "सोड" म्हणाला, आणि पाणी पुढे चालू झालं. तेव्हापासून हा रिवाज पडला. हनीफ फावडं घेऊन दिसला की मोतीलाल गेट पाडायचा. हनीफ रिकाम्या हाताने परत दिसला की उचलायचा. सगळ्यांच्या पाळ्या तेवढ्याने पुढे सरकायच्या. शेतकऱ्यांनी याला नावच पाडलं, 'कबरस्तानची पाळी'. कुठल्या नियमात हे लिहिलेलं नाही, कोणी कधी ठराव केला नाही. शेवटच्या टोकाला झिपरूची केळी होती, सगळ्यात उशिरा पाणी त्याला मिळायचं, म्हणून तो कुरकुरायचा. "तुमना मानूस मरस आनि मनी बाग मरस," असं तो भर चौकात म्हणायचा. कासमचाचा नावाचा एक म्हातारा नेहमी खाटेवर खोकत असायचा, त्याला हा झिपरू जाता-येता सांगायचा, "चाचा, मनी पाळी होऊ द्या, मंग जा." आणि चाचा म्हणायचा, "तेरा केला बिकने के बाद ही जाऊंगा, फिकर मत कर." पण गेट पाडू नका असं झिपरू एकदाही म्हणाला नाही. बोलणारा आणि करणारा माणूस एकच असतो असं थोडंच आहे.

हळूहळू असं झालं की मय्यतीच्या दिवशी चारी बंद असते, एवढंच लोकांना माहीत राहिलं. ती बंद कोण करायला लावतं, कोण आधी चालत जातं, हे नव्या पोरांच्या डोक्यातही येत नसे. हनीफनेही ते कोणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काय आहे, असं त्याला वाटायचं. फक्त अकबरी प्रत्येक वेळी, तो घरी आला की दारातच विचारायची, "सूखी थी ना?" आणि तो म्हणायचा, "हौ. एकदम सूखी." मग ती चहा टाकायची.

मग अकबरीची किडनी गेली. जळगावच्या फेऱ्या सुरू झाल्या, एसटीने जायचं, सुया टोचून घ्यायच्या, एसटीने यायचं. पाय सुजले, तोंड सुजलं. डॉक्टरांनी पाणी मोजकं प्यायला सांगितलं, नाहीतर अंगात भरतं म्हणाले. ज्या गावात दारासमोरून पाट वाहतो त्या गावात ही बाई ओठ ओले करून गप्प बसायची. एका दुपारी ती हनीफला म्हणाली, "अंदर पानी, बाहर पानी. मिट्टी तो सूखी देना मेरेकू."

हनीफ म्हणाला, "मोतीलाल बैठा है ना. तू फिकर मत कर."

"कसम?"

"कसम."

अकबरीने त्याच्याकडे आयुष्यात फार काही मागितलं नव्हतं. एक पंखा मागितला होता, तो त्याने दोन उन्हाळे उशिरा आणला. एकदा बुऱ्हाणपूरला जाऊ म्हणाली होती, ते राहूनच गेलं. पण हे तरी आपल्या हातातलं आहे, असं त्याला वाटलं, आणि खरं तर त्या विचाराने त्याला थोडा धीरही आला.

मोतीलाल तिला बघायला येऊन गेला. आता त्याचेही केस पिकले होते. निघताना दाराबाहेर त्याने हनीफचा हात धरला. "उन्हायानं पानी सुटेल शे. पन रात ऱ्हावो का दिन, मी गेटवरच शे. तू नुसता ये."

अकबरी गेली ती पहाटेच्या नमाजानंतर, उजाडता उजाडता. अंगणात शेळ्या ओरडत होत्या. हनीफ तिच्या पायाशी बसला होता, आणि नेहमी असं होतं तसं त्याच्या डोक्यात भलतंच आलं, शेळ्यांना चारा टाकला की नाही. तो उठला, चारा टाकून आला, आणि पुन्हा तिथेच बसला. मशिदीच्या भोंग्यावरून नाव पुकारलं गेलं. पोरांनी मोबाइलवर बातमी टाकली. घर माणसांनी भरलं. अकबरीच्या भावाचा मुलगा अतिक शेजारीच राहायचा, तो धावत आला. थोड्या वेळाने हनीफ सवयीने कोपऱ्यातलं फावडं घ्यायला उठला, तर अतिकने ते त्याच्या हातातून काढून घेतलं.

"फुफा, आज नहीं. आज तुम बैठो. मैं देखता सब."

ज्याच्या घरी मरण आलंय त्या माणसाला कोणी काम करू देत नाही. हीच माणुसकी, हीच रीत. हनीफ बसला. लोक येत होते, खांद्यावर हात ठेवत होते, तो मान हलवत होता. गेट, चारी, मोतीलाल, यातलं काही त्याच्या मनाला शिवलंच नाही. ज्याने कॅम्पातल्या प्रत्येक मेलेल्या माणसासाठी तो रस्ता तुडवला, त्याला स्वतःच्या बायकोच्या दिवशी तो रस्ता आठवला नाही.

मोतीलालची बायको प्रमिलाबाई सकाळीच आली आणि बायकांत बसली. नवऱ्याला हे कळलंच असेल, असं ती धरून चालली. हनीफच्या घरची मय्यत आणि मोतीलालला माहीत नाही, असं कुठे होईल? उलट ती कोणाला तरी म्हणालीही, "ते तर चार दिवसपाईन गेटवरच बठेल शेत." आणि ते अगदी खरं होतं. अकबरीचं आज-उद्या म्हणतात हे मोतीलालला ठाऊक होतं. हनीफ आला आणि आपण नसलो, असं व्हायला नको, म्हणून तो चार दिवस गेट सोडून हललाच नव्हता. डबा तिथेच मागवायचा, तिथेच आडवा व्हायचा; आज प्रमिलाबाई इकडे असल्याने डबाही गेला नव्हता. फोन घरी, प्रमिलाबाईच्या फळीवर पडलेला. पाण्याच्या धबधब्यात मशिदीचा भोंगा तिथवर ऐकू येत नाही. घरी जेवायला गेला असता तर दारातच कळलं असतं. पण तो हनीफची वाट बघत बसला, आणि त्याच्यासमोरून सात नंबरची चारी भरून वाहत राहिली.

अतिकने दोन पोरं घेऊन सदफशेजारची जागा खणली. कंबरेपर्यंत गेल्यावर तळाला पाणी आलं. हनीफबरोबर तो आधी दोन-तीनदा खणायला आला होता, तेव्हाही पाणी दिसायचं, आणि फुफा म्हणायचे, थांबा, उतरेल. म्हणजे गेट पडलंय, उतरेल, असं धरून त्याने पाणी उपसलं, वर ताडपत्री टाकली आणि जोहरच्या, म्हणजे दुपारच्या नमाजाला गेला.

जनाजा कबरस्तानात आला. ताडपत्री काढली. कबरीत मांडीभर पाणी होतं.

हनीफने पाण्याकडे पाहिलं, मग मान वळवून भिंतीपलीकडे पाहिलं. चारी काठोकाठ चालली होती. गर्दीतून कोणीतरी विचारलं, "मोतीलालको किसने बोला?" सगळ्यांच्या नजरा हनीफकडे गेल्या, आणि गेल्या तशा लगेच खाली झुकल्या. त्या एका क्षणात त्याला सगळं कळलं. ओरडावं, चिडावं, असं समोर कोणीच नव्हतं.

अतिक मोटरसायकल घेऊन सुटला. त्याला नुसतं लांबून येताना पाहिलं आणि मोतीलाल उठला. हनीफ नाही, अतिक येतोय, एवढ्यावरूनच त्याला समजलं. अतिक पोचायच्या आत त्याने गेट पाडलं होतं. मग तो त्याच्याच मागे बसून, अनवाणी, बनियनवर कबरस्तानात आला आणि दाराशीच उभा राहिला. आत यायचा त्याला धीर होईना.

सगळे थांबले. नमाज पढवणारे इमामसाहेब म्हणाले, असरपर्यंत, म्हणजे संध्याकाळआधीच्या नमाजापर्यंत थांबू, त्यापुढे नको, ऊन फार आहे. जनाजा कडुलिंबाखाली ठेवला. पोरांनी बादल्या लावल्या. पाणी उपसलं की खाली जायचं आणि बोलता बोलता परत यायचं; मुरूम किती दिवस पाणी पीत होता, तो एका दुपारी कोरडा व्हायचा नव्हता. तेवढ्यात झिपरूचा ट्रॅक्टर आला. त्याच्या घराचं बांधकाम चालू होतं, त्यासाठी आणलेली तापीची कोरडी रेती त्याने ट्रॉली भरून आणली होती. बातमी लागताच शेतातल्या पाण्याचा विचार सोडून तो स्वतः फावड्याने रेती भरत बसला होता. "ही टाका," एवढंच म्हणाला. रेतीचा जाड थर टाकला. पांढरी, उन्हाने तापलेली रेती. सगळे आत वाकून बघत राहिले. थोड्या वेळाने कडेची रेती काळी पडायला लागली, मग तो काळेपणा मधे सरकत आला.

असर झाली. इमामसाहेबांनी हनीफकडे पाहिलं. हनीफने मान हलवली.

नात्याच्या पुरुषांनी उतरायचं असतं. अतिक आणि त्याचे दोन भाऊ उतरले. इतक्या वर्षांत हनीफ पहिल्यांदाच हात रिकामे ठेवून कबरीच्या काठावर उभा होता. अकबरीचं कफन त्या रेतीवर टेकलं तेव्हा पाठीकडून ते ओलं होत चाललेलं त्याला दिसलं. दिसायला नको होतं, पण त्याची नजर हटली नाही. फळ्या लागल्या. त्याने तीन मुठी माती दिली. मोतीलालने दिली, झिपरूने दिली. कसम घेतली होती, एवढंच त्याच्या मनात फिरत होतं. सदफच्या वेळी निदान कसम तरी नव्हती.

लोक पांगले. अतिक घरी चला म्हणत होता. हनीफ त्याला पुढे जा म्हणाला आणि चारीच्या काठाने चालत गेटवर आला. मोतीलाल आधीच तिथे येऊन बसला होता, डोकं दोन्ही हातांत धरून.

"मी चार दिवसपाईन तुनी वाट देखी ऱ्हायनू, हनीफ," शेवटी मोतीलाल म्हणाला. "घर बी गऊ नही. तू येशी म्हनीसन."

"माले माहीत शे."

"मनी चूक शे."

"नही," हनीफ म्हणाला. "दर येले मीच येस सांगाले. आज मीच उनू नही." त्याचा आवाज अगदी साधा होता. मग तो म्हणाला, "पानी सोड आते."

मोतीलालने मान वर केली. "आज नही. निदान आजनी रात तरी..."

"झिपरूनी बाग सुकी ऱ्हायनी," हनीफ म्हणाला. "टोकले अजून पानी गयं नही. त्याना आख्खा दिवस कबरस्तानमाच गया."

"मना हात उठस नही, हनीफ. तू कायबी बोल, पन माले ते सांगू नको."

मग हनीफने स्वतः चाक धरलं. इतकी वर्षं त्याने ते फिरताना पाहिलं होतं, हात कधी लावला नव्हता. आधी ते हलेना. त्याने पाय रोवले, अंगाचं सगळं वजन टाकलं आणि जोर लावला; चाक करकरलं, फिरलं, आणि गेट उचललं गेलं. पाणी आवाज करत चारीत शिरलं. तो कठड्याला धरून उभा राहिला आणि बघत राहिला, ते कोरड्या पडलेल्या चारीतून पालापाचोळा ढकलत पुढे गेलं, वळणावर पोचलं, आणि कडुलिंबाच्या बाजूला, कबरस्तानाकडे वळलं. तेव्हा हनीफ तिथेच खाली बसला आणि सकाळपासून पहिल्यांदा मोठ्याने रडायला लागला.